गाव बीड जिल्ह्यात, नकाशा ओडिशात: एका शेपफाइलचं प्रकरण

अंबाजोगाई तालुक्यातलं एक गाव, नाव देत नाही कारण गावाचा काही दोष नाही. पाणलोट समितीला ग्रामसभेत विहिरींचा नकाशा दाखवायचा होता, कुठल्या ओढ्यावर खोलीकरण घ्यायचं, कुठं रिचार्ज शाफ्ट, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, मारायचा हे त्यावरून ठरणार होतं. विहिरींचा सर्व्हे आधीच झालेला, एका एजन्सीनं केला होता, बिल पण निघालं होतं. डेटा "दिलेला आहे" असं सगळे म्हणायचे, पण तो कुणी उघडून बघितलेला नव्हता. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यानंतर आपल्याकडं विहिरी मोजायची मोहीम गावोगाव झाली बघा, पण मोजलेलं नीट ठेवायची मोहीम काही झाली नाही.

सुरुवात व्हॉट्सॲपनं झाली. समितीतला एक पोरगा, सरपंचांचा पुतण्या, त्यानं मला एक फाइल टाकली, नाव विहिरी डॉट एसएचपी, आणि खाली मेसेज, "सर ही उघडंना ओ, काहून ते बघा." साइज ८,८३६ बाइट. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर त्यानं सरळ सांगितलं की एसएचएक्स सापडत नाही.

आता इथं आधी एक गोष्ट. शेपफाइल ही एक फाइल नसते, ते अख्खं खटलं असतं. एसएचपी मध्ये फक्त आकार, म्हणजे बिंदू-रेषा-बहुभुज यांचे कोऑर्डिनेट. डीबीएफ मध्ये तक्ता: मालकाचं नाव, गट नंबर, खोली. एसएचएक्स मध्ये कितवा आकार एसएचपीत कुठल्या बाइटपासून सुरू होतो याची यादी. ही तीन लागतातच. मग पीआरजे, ज्यात हे कोऑर्डिनेट कुठल्या पद्धतीचे आहेत ते लिहिलेलं असतं, आणि सीपीजी, ज्यात तक्त्यातली अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे बाइटमध्ये साठवायच्या कुठल्या पद्धतीत, आहेत त्याचा एक शब्द असतो. सगळ्यांचं नाव एकच, फक्त शेवटची शेपटी वेगळी. एकच पाठवली की बाकीची घरीच राहतात. पोराला वाटलं नकाशा म्हणजे एसएचपी, तीच पाठवली, त्याची काय चूक.

तरी तेवढ्या एका फाइलवरून पण बरंच कळतं, आणि हे लई कमी लोक करून बघतात. एसएचपीचं पहिलं १०० बाइट हेडर असतं. बिंदूंची फाइल असेल तर त्यानंतर प्रत्येक बिंदूला बरोबर २८ बाइट, ८ रेकॉर्डच्या डोक्याचे आणि २० आतले. ८,८३६ मधून १०० वजा केले, २८ नं भागलं, उत्तर आलं ३१२, बाकी शून्य. पोराला फोन केला, रजिस्टरवर विहिरी किती? म्हणाला ३१२. म्हणजे फाइल अर्धवट कॉपी झालेली नाही, सगळे बिंदू आत आहेत, फक्त नावं-गावं नाहीत. क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये रिपेअर शेपफाइल नावाचं टूल आहे, ते एसएचएक्स नव्यानं बनवून देतं. बनवलं, ३१२ ठिपके दिसले, पण ठिपक्यावर क्लिक केलं की आत काहीच नाही. एसएचएक्स परत बनवता येतं, डीबीएफ मात्र कुणी बनवून देत नाही, ते असलं तर असलं.

मग म्हटलं बाबा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ये, आणि तिथं कशावरही डबल-क्लिक करू नको.

डबल-क्लिकचं कारण सांगतो. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर कुणा इंजिनिअरनं कधीकाळी ऑटोकॅड टाकलेलं, आणि ऑटोकॅडच्या फॉन्टच्या फाइलींची शेपटी पण एसएचएक्सच असते. नाव एक, आतला माल वेगळा. त्यामुळं विंडोज आपल्या एसएचएक्सला ऑटोकॅडचं चिन्ह लावून बसतं आणि लोकांना वाटतं ही कसली तरी कॅडची फाइल आहे, उडवून टाका. आणि डीबीएफ वर डबल-क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये नाहीतर लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये खुशाल उघडते. उघडली एवढ्यानं काही बिघडत नाही. पण पुढं काय झालं ते येतंच आहे.

फोल्डरमध्ये काय निघालं

फोल्डरमध्ये मुख्य दोन लेयर, म्हणजे नकाशाचे थर. एक विहिरी, बिंदूंचा, आणि एक गटांचा, म्हणजे गावच्या गट नकाशावरून काढलेले बहुभुज. शिवाय एक एमएक्सडी आणि दोन-तीन एलवायआर, या आर्कजीआयएस नावाच्या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या फाइली. समितीतल्या एका काकांनी एमएक्सडी दाखवून विचारलं, "हाच मेन नकाशा ना?" नाही. एमएक्सडी आणि एलवायआर मध्ये डेटा नसतोच, कुठली फाइल कुठल्या रंगात दाखवायची आणि ती कुठल्या ड्राइव्हवर आहे एवढंच असतं, तेही एजन्सीच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता. क्यूजीआयएसची क्यूजीझेड फाइल पण तशीच. कुणी तुम्हाला नुसती प्रोजेक्ट फाइल दिली आणि "डेटा दिला" म्हणालं तर सही करू नका.

विहिरींना पीआरजे नव्हती, सीपीजी नव्हती. गटांना पीआरजे होती. दोन्ही लेयर टाकले, विहिरी दिसल्या, गट गायब. गटांच्या लेयरवर राइट क्लिक करून झूम टू लेयर केलं तर नकाशा पळत पळत पूर्वेला गेला आणि थांबला ओडिशात, कोरापुटच्या बाजूला. मागं ओपनस्ट्रीटमॅप लावलेला होता म्हणून कळलं तरी, नाहीतर पांढऱ्या पडद्यावर गाव गावासारखंच दिसतं.

पोरगा म्हणाला, "सर आपलं गाव ओडिशात दिसायलंय की."

हे असं का होतं हे मराठवाड्यातल्या माणसाला तर माहीत पाहिजेच. यूटीएम म्हणजे जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत, तिच्यात जगाचे ६-६ अंशांचे उभे पट्टे केलेत. ७२ ते ७८ रेखांश हा पट्टा ४३, आणि ७८ ते ८४ हा पट्टा ४४. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली, संभाजीनगर सगळे ४३ मध्ये. नांदेड शहर पण ४३ मध्ये, पण किनवट ७८ च्या पलीकडं, म्हणजे ४४ मध्ये. नागपूर पण ४४ मध्ये. आणि गंमत अशी की प्रत्येक पट्ट्यात आकडे परत तेच येतात, मधल्या रेषेला पूर्वेचा आकडा ५ लाख धरतात आणि तिथून मोजतात. अंबाजोगाईचा आकडा पट्टा ४३ मध्ये पूर्वेकडचा सुमारे ६ लाख ४५ हजार मीटर आणि उत्तरेकडचा सुमारे २० लाख ७१ हजार. हेच आकडे पट्टा ४४ चे समजले की अक्षांश तोच राहतो, रेखांश बरोबर ६ अंशांनी पुढं सरकतो, म्हणजे सव्वासहाशे-साडेसहाशे किलोमीटर पूर्वेला. ७६.३ चं ८२.३ झालं, झालं गाव ओडिशात. एजन्सीला फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला आमचं आधीचं काम विदर्भात होतं, तेच टेम्प्लेट वापरलं असेल. असेल!

आता दुरुस्ती. इथं निम्मे लोक फसतात. क्यूजीआयएसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, सेट लेयर सीआरएस (सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेटची पद्धत), म्हणजे आकडे आहेत तेच ठेवायचे, फक्त लेबल बदलायचं. दुसरी, रिप्रोजेक्ट, म्हणजे आकडेच एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत मोजून बदलायचे. आपल्याकडं आकडे बरोबर होते, लेबल चुकलं होतं. म्हणून फक्त लेबल बदललं, ईपीएसजी (प्रत्येक पद्धतीचा ठरलेला नंबर) ३२६४४, म्हणजे पट्टा ४४, काढून ३२६४३ लावलं, आणि गट गपचूप गावावर येऊन बसले. त्याऐवजी कुणी रिप्रोजेक्ट केलं असतं तर सॉफ्टवेअरनं ओडिशातलं गाव ईमानदारीनं पट्टा ४३ च्या आकड्यात मोजून दिलं असतं, गाव राहिलं असतं ओडिशातच, आणि नव्या फाइलीत मूळ आकडे पण राहिले नसते.

विहिरींना पीआरजे नव्हती तरी त्या जागेवर दिसल्या, कारण आकडे ७६ आणि १८ च्या घरात होते, म्हणजे साधे अंश, आणि प्रोजेक्ट पण डब्ल्यूजीएस ८४ मध्ये म्हणजे अंशातच होता. नुसत्या आकड्यावरून ओळखायची सवय लावा, लई कामाला येते. मराठवाड्यात ७४ ते ७९ आणि १७ ते २१ असं काही दिसलं तर अंश. एक आकडा सहा अंकी आणि दुसरा २० लाखांच्या आसपास तर यूटीएम. एक ८५ लाखांच्या आसपास आणि दुसरा २१ लाख असं दिसलं तर ती वेब मर्केटर, गूगल मॅप-छापाची. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्फॉर्मेशन टॅबवर एक्सटेंट म्हणून चार आकडे असतात, मी कुठलीही परकी फाइल आली की पहिलं तेच बघतो, नकाशा नंतर.

नावं

तक्ता उघडला तर मालकांच्या नावाच्या जागी कचरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग काहीतरी चिन्ह, मग परत तोच ए. हा कचरा बघून घाबरायचं नाही, उलट आनंद व्हायला पाहिजे. यूटीएफ-८ या यूनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये मराठीचं प्रत्येक अक्षर, मात्रा पण, तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तोच ए दर तिसऱ्या जागी येतो. म्हणजे आतलं मराठी शाबूत आहे, फक्त वाचणाऱ्याला एन्कोडिंग माहीत नाही. लेयर प्रॉपर्टीजमध्ये सोर्स टॅबवर एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं, नावं आली. खरी पंचाईत होते ती श्रीलिपी-कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या तक्त्यांची, तिथं कचऱ्यात हा तीनाचा ठेका नसतो, एन्कोडिंग बदलून काही होत नाही, कन्व्हर्टरमधूनच काढावं लागतं. इथं तसं नव्हतं, सुटलो.

नावं आली आणि तिथंच खरं प्रकरण सुरू झालं.

तक्त्यात पहिल्या ओळीपासून नावं अ, आ, उ, क, ग अशी बाराखडीच्या क्रमानं लावलेली. तक्ता मी कुठल्याही कॉलमवर क्लिक करून लावलेला नव्हता, फाइलमध्ये जसा आहे तसाच होता. आता सर्व्हे करणारा पोरगा शिवारात बाराखडीनं फिरतो का? तो या बांधावरून त्या बांधावर जातो, एका गटातून शेजारच्या गटात. म्हणजे नावं नंतर कुणीतरी लावलेली आहेत. फाइलींच्या तारखा बघितल्या, एसएचपी आणि एसएचएक्स एका दिवशीच्या, डीबीएफ त्यानंतर दोन महिन्यांची.

पोराला विचारलं, त्यानं ग्रामपंचायतीत विचारलं, उत्तर मिळालं. मध्यंतरी पंचायत समितीनं विहीर मालकांची यादी मागितली होती. ऑपरेटरनं डीबीएफ कॅल्कमध्ये उघडली, कॅल्कनं एन्कोडिंग विचारलं, त्यानं यूटीएफ-८ निवडलं, नावं छान दिसली, नावाप्रमाणं सॉर्ट केली, प्रिंट काढली आणि जाताना सेव्ह केली. यादी चोख गेली. नकाशा मेला.

कारण एसएचपी आणि डीबीएफ यांच्यात कुठलाही नंबर, कुठलाही कोड जोडलेला नसतो. पहिला बिंदू म्हणजे पहिली ओळ, दुसरा बिंदू म्हणजे दुसरी ओळ, बस्स. ओळींचा क्रम हाच एकमेव धागा, तो हलला की एकाची विहीर दुसऱ्याच्या शेतात, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही कारण त्याच्या हिशेबानं ३१२ बिंदू आहेत आणि ३१२ ओळी आहेत, मग काय तक्रार? एरर आली असती तर बरं झालं असतं. ओडिशा निदान दिसतो तरी, हे दिसतच नाही. हा नकाशा तसाच ग्रामसभेत लावला असता तर ४० फुटी कोरड्या विहिरीच्या जागी बारमाही विहीर दिसली असती, आणि शाफ्ट भलतीकडंच पडला असता.

खात्री कशी केली ते सांगतो. नशिबानं एजन्सीनं तक्त्यात लॅटिट्यूड आणि लाँगिट्यूड असे दोन कॉलम वेगळे ठेवले होते, जीपीएसचं वाचन जसंच्या तसं. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये बिंदूचा स्वतःचा एक्स वजा तक्त्यातलं लाँगिट्यूड, असा एक तात्पुरता कॉलम काढला. सगळं बरोबर असेल तर सगळीकडं शून्य यायला पाहिजे. आले ०.००८, ०.०१२, ०.०२१ असे आकडे. आपल्याकडं रेखांशाचा ०.०१ अंश म्हणजे साधारण एक किलोमीटर, म्हणजे विहिरी आपापल्या जागेपासून किलोमीटर-दोन किलोमीटर लांब दाखवत होत्या. एवढ्याशा शिवारात.

पण त्याच दोन कॉलमांनी वाचवलं पण. ओळ कितीही हलली तरी त्या ओळीतलं नाव, गट नंबर, खोली आणि लॅट-लाँग एकत्रच हललं. म्हणून जुना एसएचपी बाजूला ठेवला, तक्ता सीएसव्ही करून एक्सपोर्ट केला यूटीएफ-८ मध्ये, आणि ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयरमधून नवे बिंदू बनवले. एक्स मध्ये लाँगिट्यूड, वाय मध्ये लॅटिट्यूड, ईपीएसजी ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चे साधे अंश. ही जागा सांभाळा बरं, आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो म्हणून हात आपोआप अक्षांश एक्स मध्ये टाकतो, आणि मग अंबाजोगाई नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या खाली बर्फाळ समुद्रात जाते. मग नवे बिंदू जुन्या बिंदूंवर ठेवून बघितले. ३०७ तंतोतंत बसले. म्हणजे जुन्या एसएचपीतल्या जागा खऱ्याच होत्या, नावंच फक्त फिरली होती.

उरलेल्या ५ ओळींत लॅट-लाँग शून्य-शून्य, ते बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पडले, जीपीएस लॉक झालं नाही की होतं असं. इकडं जुन्या एसएचपीत ५ बिंदू बिनमालकाचे उरलेले. तीन गट नंबरावरून जुळले, बिंदू ज्या गटात पडतो तोच गट ज्या ओळीत आहे ती त्याची. दोन मात्र एकाच गटात, भावकीची वाटणी झालेली, दोघांच्या विहिरी पन्नास पावलांवर. तिथं सॉफ्टवेअरचं काम संपलं. पोरगा गावातल्या एका नानांना फोनवर घेऊन बसला, ते म्हणाले, "वड्याकडची थोरल्याची, बांधावरची धाकट्याची, त्यात काय विचारायचं?" झालं.

बाकीची किडूक-मिडूक

पाण्याच्या पातळीचे दोन कॉलम होते, एकाचं नाव वॉटर-लेव्ह इथं तुटलेलं, दुसऱ्याचं वॉटर-ले-१. डीबीएफ मध्ये कॉलमच्या नावाला १० बाइटच मिळतात, त्यामुळं प्रीमान्सून आणि पोस्टमान्सून ही शेपटं कापली गेली आणि दुसऱ्याला सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं नंबर लावला. मराठीत नाव दिलं तर अजून वाईट, तीन बाइटचं एक अक्षर, मात्रा पण वेगळी मोजली जाते, म्हणजे "विहिरीची खोली" चं नुसतं "विह" उरतं, आणि "विहिरीचा व्यास" चं पण तेच. कुठला कॉलम मेचा आणि कुठला ऑक्टोबरचा हे आकड्यांवरून ठरवलं, मेमध्ये पाणी खोल जातं, ऑक्टोबरात वर येतं, ज्या कॉलमचे आकडे जवळपास सगळ्या विहिरींना मोठे तो मेचा. एजन्सीनं फोनवर दुजोरा दिला.

पाझर तलावाचा एक बहुभुज होता वेब मर्केटरमध्ये, त्याचं क्षेत्रफळ तक्त्यात जवळपास साडेचार हेक्टर लिहिलेलं, गावचे लोक म्हणत होते चार. लोक बरोबर होते. वेब मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून लांब गेलं की आकार फुगतो, आपल्या अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण ११ टक्क्यांनी जास्त येतं. ३२६४३ मध्ये रिप्रोजेक्ट करून परत मोजलं (इथं मात्र रिप्रोजेक्टच पाहिजे, लेबल बदलून चालणार नाही), चार आलं.

जिल्ह्याच्या तक्त्याशी जोडायची वेळ आली तेव्हा नावावरून जोडायचं मी आधीच टाळलं. २०११ च्या जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, अंबाजोगाईचं तिथं आंबेजोगाई आहे, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद-उस्मानाबादची नावंच बदलली, त्यामुळं नावावर जोड बसणं अवघडच. जनगणनेच्या गाव कोडवरून जोडलं.

शेवटी सगळं एकाच जिओपॅकेज फाइलमध्ये भरलं, विहिरी, गट, तलाव तिन्ही लेयर, शेपटी जीपीकेजी. आत एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो, आकार आणि तक्ता एकाच ओळीत, त्यामुळं कुणी सॉर्ट केलं तरी धागा तुटत नाही, कॉलमची नावं पूर्ण मराठीत राहतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवली तरी मागं घरी काही राहत नाही. मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी विहिरींची केएमएल वेगळी काढून दिली, ती गूगल अर्थमध्ये उघडते. ऑपरेटरला यादीसाठी वेगळी एक्सेल काढून दिली आणि डीबीएफ फोल्डरमधून उचललीच, झिप करून सरपंचांच्या ईमेलवर ठेवली.

अजून एक काम राहिलंय. काही विहिरी बांधालगतच्या आहेत, त्या गटांच्या लेयरवर शेजाऱ्याच्या गटात दहा-पंधरा मीटर आत दिसतात. तो दोष विहिरींचा नाही, गट नकाशा कागदावरून स्कॅन करून गिरवलेला आहे, तेवढं सरकणारच. समितीला सांगितलंय की गट नंबर तक्त्यातला धरा, नकाशातला नको, आणि ग्रामसभेत नकाशा लावाल तेव्हा गटांच्या रेषा फिकट ठेवा, नाहीतर विहिरीचा विषय बाजूला राहील आणि बांधाचं भांडण सुरू होईल.